प्रो कबड्डी लीगमधील खेळाडू निवड

प्रो कबड्डी लीगमध्ये संघ हंगामापूर्वीच्या लिलावातून खेळाडू निवडतात. रिकाम्या जागेला साजेसा खेळाडू घ्यावा, की उपलब्ध असलेला सर्वोत्तम, हा निवडीतील मूळ प्रश्न होय. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये हा वाद उंचीवरून होतो. तेथे १९८६ पासून संघ क्रमाक्रमाने नवोदित खेळाडू निवडतात. उंच खेळाडू दुर्मीळ असतात, मात्र त्यांना परिपक्व होण्यास अधिक काळ लागतो. कबड्डीत उंचीपेक्षा मैदानावरील स्थान महत्त्वाचे ठरते.

पुणेरी पलटणचे उदाहरण

नवव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात (डिसेंबर २०२२) पुणेरी पलटण जयपूर पिंक पँथर्सकडून पराभूत झाला. त्यानंतर डावा कोपरा सांभाळणारे फझल अत्राचली संघातून मुक्त झाले. अस्लम इनामदार व मोहित गोयत यांच्यासारखे चढाई करणारे खेळाडू संघाकडे होते; उणीव होती ती त्या कोपऱ्याची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात संघाने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुई यांना २.३५ कोटी रुपयांना घेतले. प्रत्येक संघाची खर्चमर्यादा ५ कोटी असल्याने हा मोठा धोका होता. शादलुई यांनी दहाव्या हंगामात पकडीचे सर्वाधिक ९९ गुण मिळवले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून पुण्याने पहिले विजेतेपद पटकावले. येथे गरज आणि गुणवत्ता एकाच खेळाडूत जुळली.

पुढील हंगामात शादलुई २.०७ कोटींना हरियाणाकडे गेले. पुण्यातील बालेवाडीत झालेल्या अंतिम सामन्यात विजेतेपद हरियाणाला मिळाले.