ओव्हरसियर ते इंजिनियर

माझ्या लहानपणी सोलापुरात ‘इंजिनियर’ हा शब्द जपून वापरला जायचा. गिरणीत यंत्र दुरुस्त करणारा फिटर, त्याच्यावर मिस्त्री, खात्यातली माणसं सांभाळणारा जॉबर, सगळ्यांच्या वर मास्तर. बॉयलर आणि इंजिनघर ज्याच्या ताब्यात, तो इंजिनियर. रस्त्यावर टेप धरून उभा असलेला सरकारी माणूस ओव्हरसियर; खेड्यात त्याचा ‘ओव्हरशेर’ व्हायचा. आज चौकातल्या फ्लेक्सवर, लग्नपत्रिकेत, मोटारीच्या काचेवर ‘इंजि.’ दिसतं. हा शब्द कुठून कुठे आला ते एकदा नीट पाहावं, असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात पुण्याची. 1854 मध्ये तिथे ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघालं, ते बांधकाम खात्याला हाताखालची माणसं पुरवण्यासाठी. पूल, कालवे, धरणं साहेबाने आखायची आणि आपल्या माणसाने कामावर उभं राहायचं, अशी वाटणी होती. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा एकरुख तलाव 1871 मध्ये पुरा झाला तो याच काळात. पुढे त्याच पुण्याच्या कॉलेजातून निघालेले विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात थेट असिस्टंट इंजिनियर झाले. एतद्देशीय माणसाच्या नावापुढे हा शब्द लागणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

पण याच मुलखात पदवी नसताना इंजिनियरिंग उभं करणारेही झाले. वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म 1882 चा. बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून सुरुवात करून त्यांनी पुढे जहाजं, विमानं आणि मोटारींचे कारखाने काढले. त्यांचे पहिले भागीदार फाटक हे मुळात रेल्वेतले कारकून. लोखंडी नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला गेले होते चित्रकला शिकायला. यांना इंजिनियर म्हणायचं की नाही, हा वाद मला कधीच महत्त्वाचा वाटला नाही. मला विचारायचं आहे ते वेगळं. काम बिघडलं, तर जबाब कोण देणार?

स्वातंत्र्यानंतर हा शब्द बढतीच्या भांडणात सापडला. सरळ भरतीने आलेले आणि खालून चढत आलेले उपअभियंते ज्येष्ठतेसाठी वर्षानुवर्षं कोर्टात होते. पटवर्धन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालून आलेल्यांच्या बाजूने कौल दिला. निकाल न्या. यशवंत चंद्रचूड यांचा. बढती मिळालेल्याची वर्षानुवर्षांची सेवा केवळ कायम झाल्याचा कागद उशिरा आला म्हणून मागे ढकलता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. मला तो निकाल आजही न्याय्य वाटतो. मग 1983 आलं. वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, त्याच वर्षी सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट सुरू झालं, आणि घरोघरी इंजिनियर झाले.

या सगळ्या गर्दीत एक जागा मात्र बदलली नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये जा. बगॅसची धूळ, कानठळ्या बसवणारा आवाज. तिथल्या माणसाला आधी सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास अटेंडंटची परीक्षा द्यावी लागते. त्यावर बॉयलर ऑपरेशन इंजिनियरची, म्हणजे ‘बीओई’ची. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात : गेज ग्लासमध्ये पाणी दिसेनासं झालं, काय कराल? नवखा म्हणतो, पाणी सोडीन. तिथेच तो नापास. तापून लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं तर काय होईल, ते बॉयलरवर वर्षं काढलेल्याला सांगावं लागत नाही. तो आधी आग बंद करतो. ही व्यवस्था 1923 च्या बॉयलर कायद्याखाली वाढली. 2025 मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, तरी प्रमाणपत्राशिवाय कारभार नाही हे तत्त्व राहिलं. कारण इथे चुकलं की माणसं मरतात, आणि ते सगळ्यांना दिसतं.

इमारतीचं तसं दिसत नाही. 1972 च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हे नाव नोंदणी असलेल्यांसाठी राखून ठेवलं. 2020 मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांनी निकालात स्पष्ट केलं की कायदा ते नाव लावण्याला आडकाठी करतो, काम करण्याला नाही. बापाने पदोन्नतीचा प्रश्न सोडवला, लेकाने पदनामाचा. पण इंजिनियर या नावाला असा कायदाच नाही. ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स’ 1920 पासून आहे, 1935 ची सनद आहे. नोकरी सांभाळून, रात्री जागून तिची एएमआयई परीक्षा देणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. उलट पत्राने घरपोच मिळालेल्या इंजिनियरिंगच्या पदव्यांवर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच बोट ठेवावं लागलं.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट सोलापूरकर विसरलेले नाहीत. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. आपण घरं सोडून रस्त्यावर आलो आणि उजाडल्यावर किल्लारीच्या भूकंपाची बातमी आली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. त्या घरांना इंजिनियरचा हात लागलाच नव्हता. दुर्घटनेतून कायदा कसा निघतो, ते अमेरिकेत दिसलं. टेक्सासमधल्या एका शाळेत 1937 मध्ये वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जण, बहुतेक मुलं, गेली आणि त्याच वर्षी तिथे इंजिनियरांच्या नोंदणीचा कायदा झाला. आपल्याकडे 2025 मध्ये केंद्राने अशी नोंदणी करणाऱ्या परिषदेच्या कायद्याचा मसुदा हरकतींसाठी पुढे ठेवला.

तो कायदा व्हावा, असं मी मनापासून म्हणतो. मात्र डिप्लोमावाल्याला आणि अनुभवाने वर आलेल्याला परीक्षा देऊन त्या यादीत शिरता आलं पाहिजे. फ्लेक्सवरच्या ‘इंजि.’शी माझं भांडण नाही. स्लॅबच्या नकाशावर सही करणाऱ्याचं नाव मात्र नोंदीत असलंच पाहिजे आणि चुकला तर ते पुसलंही गेलं पाहिजे. तोवर एवढं करा. घर बांधायला काढाल तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनियरचा परवाना क्रमांक मागून घ्या, महापालिकेत जाऊन तो खरा आहे का पाहा आणि सळ्या बांधून झाल्यावर, काँक्रीट ओतण्याआधी, त्याला स्वतः साइटवर बोलवा.