खुल्या मैदानातील वाणी आणि मराठी वाक्याचा शेवट

सार्वजनिक भाषणात आवाज कसा वापरावा, या विषयावर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक प्रकार पथ्यापाण्याचा : ज्येष्ठमध चघळावे, थंड पाणी पिऊ नये, पहाटे खर्जाची मेहनत करावी. दुसरा प्रकार वक्तृत्वस्पर्धेच्या परीक्षकाचा : आवाजात चढउतार असावा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचावे, वाक्य ठामपणे संपवावे. दोन्ही प्रकारच्या उपदेशांत तथ्य नाही असे नाही. परंतु हा आवाज कोणत्या भाषेतील वाक्ये वाहून नेणार आहे, हा प्रश्न या दोहोंतही उपस्थित होत नाही. वाक्याचा महत्त्वाचा भाग कोठे येतो हे भाषेभाषेगणिक बदलते आणि म्हणून आवाज कोठे राखावयाचा हेही बदलले पाहिजे. मराठीपुरता या गोष्टीचा विचार करावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आणि त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते सभागृहातील व्याख्यानाचे नव्हे, तर वारीच्या वाटेवरील एका मुक्कामाचे.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन मंदिरासाठी आणि यादव रामचंद्रदेवाच्या काळातील मराठी शिलालेखांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी माळशिरसहून निघते आणि खुडूस येथील रिंगण आटोपून वेळापुरी मुक्कामास येते. गाव जवळ आले की उतारावरून वारकरी धावत सुटतात, त्यास ‘धावा’ म्हणतात. येथूनच तुकोबांना पंढरीचा कळस दिसला व ते धावत सुटले, अशी त्यामागील श्रद्धा आहे. मुक्कामाच्या ठिकाणी पालखी तळावर आली की सर्व दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात आणि समाजआरती होते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, तिचे दर्शन या वेळी जितके घडते तितके क्वचितच अन्यत्र घडत असेल. टाळ, मृदंग आणि हजारो कंठ यांचा गजर चालू असतो. चोपदार चोप उंचावतात, एक दीर्घ हाक देतात, आणि पाहता पाहता तळ शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वर्दी दिली जाते.

वक्तृत्वाचा अभ्यास करणाऱ्याने या प्रसंगाकडे अवश्य लक्ष द्यावे. येथे कोणी भाषण करीत नाही, कोणाला टाळ्या नकोत. काही वाक्ये सर्वांना नीट कळावयाची आहेत, एवढेच काम आहे. न कळल्यास एखादी दिंडी भलत्या वेळी वाटेला लागेल किंवा मागे राहील. शिवाय येथे शांतता आधी आणि शब्द नंतर, हा क्रम पाळला जातो. आपल्या सभांतून निवेदक गलबल्यावर मात करण्यासाठी स्वतःचा आवाज चढवतो. गोंगाटात माणसाचा आवाज नकळत चढतो, हे फ्रेंच वैद्य लोंबार यांनी 1911 मध्ये दाखवून दिले होते. परंतु समुदायातील प्रत्येकाचा आवाज त्याच नियमाने चढत असल्यामुळे ही शर्यत वक्त्याला जिंकता येत नाही. चोपदार ती खेळतच नाहीत. त्यांची हाक म्हणजे एकच दीर्घ स्वर. तिच्यात अर्थ पोचवावयाचा नसतो, म्हणून व्यंजनांची अडचण नसते. आणि दीर्घ स्वर हा व्यंजनांपेक्षा पुष्कळ दूर जाणारा ध्वनी होय.

मैदानात ध्वनीचे काय होते हे आकड्यांत पाहिलेले बरे. भिंती नसल्या म्हणजे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते. साध्या संभाषणाची पातळी बोलणाऱ्यापासून 1 मीटरवर सुमारे 60 डेसिबल असते. 64 मीटरवर जाईपर्यंत अंतर सहा वेळा दुप्पट होते. म्हणजे 36 डेसिबल गळाले आणि 24 उरले. शांत रात्रीच्या गावातदेखील याहून अधिक सळसळ असते. कमावलेल्या खड्या आवाजात 1 मीटरवर 80 डेसिबलपर्यंत मजल गेली, तरी त्याच ठिकाणी 44 उरतात. दबून बसलेल्या समुदायाचा खोकला-कुजबुज त्यास झाकण्यास पुरेशी आहे. फुप्फुसांच्या बळाने मिळणारा लाभ हा एवढाच. वाऱ्याच्या दिशेचा आणि सायंकाळी जमीन निवू लागली म्हणजे ध्वनी खाली वळण्याचा फायदा मिळतो तो निराळा.

त्यातही हा लाभ सर्व ध्वनींना सारखा मिळत नाही. आवाज चढविला म्हणजे स्वरतंतूंखालील हवेचा दाब वाढतो, त्यांची मिटण्याची क्रिया झटक्याची होते आणि स्वर बळावतात. परंतु क्, त्, प् यांचे स्फोट किंवा स्, श् यांचे घर्षण मुखात होते. ते स्वरांच्या प्रमाणात बळावत नाही. परिणामी ओरडणाऱ्या माणसाचे स्वर ऐकू येतात आणि शब्द कळत नाहीत. दूरवरून आलेली आरोळी कोणाची आहे हे ओळखू येते, पण ती काय म्हणते ते समजत नाही, हा अनुभव सर्वांचा आहे. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांची जी लक्षणे दिली आहेत त्यांत गाऊन वाचणारा व घाईने वाचणारा यांच्या पंक्तीला लहान कंठाचा पाठकही बसविला आहे. आणि उत्तम पाठकाच्या गुणांत अक्षरांची स्पष्टता व पदांची तोड यांना मान दिला आहे. मोठ्या आवाजाची स्वतंत्र स्तुती तेथे नाही, ही गोष्ट ध्वनिशास्त्राला धरूनच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि नकार बहुधा त्याच्याही पुढे. ‘दिंड्या उद्या पहाटे निघणार नाहीत’ या वाक्यातील सगळा अर्थ शेवटच्या दोन अक्षरांवर टांगलेला आहे. उलट, विधानवाक्य बोलताना सूर वाक्यारंभी उंच असतो व हळूहळू उतरत जातो. श्वास सरत आल्यामुळे स्वरतंतूंखालील दाबही कमी होतो. म्हणजे आवाज सर्वांत क्षीण होतो तो नेमका ज्या जागी वाक्याचा होकार-नकार ठरतो त्या जागी. हिंदीत ‘नहीं’ सामान्यतः क्रियापदाच्या आधी येते. इंग्रजीत तर नकार वाक्याच्या पूर्वार्धातच उरकला जातो. त्या भाषांत वाक्याचे शेवटचे अक्षर विरले तरी फारसे बिघडत नाही. वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणावा म्हणजे ठामपणा येतो, हा इंग्रजी वक्तृत्वग्रंथांतून आपल्याकडे आलेला उपदेश मराठीत जसाच्या तसा घेणे म्हणूनच धोक्याचे आहे. सूर उतरणे वेगळे आणि बळ उतरणे वेगळे. सूर उतरवावा, तो न उतरल्यास वाक्य प्रश्नासारखे भासेल. बळ मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत टिकले पाहिजे, आणि त्यासाठी श्वास वाक्याच्या मध्येच खर्चून चालत नाही.

हा धोका सर्व वाक्यरचनांत सारखा नाही, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावे. ‘जातो’ याचा नकार ‘जात नाही’ असा होतो. येथे ‘नाही’ ऐकू आले नाही तरी ‘जात’ हे रूप अपुरे वाटते आणि श्रोता सावध होतो. ‘जाऊ नका’ यातही तसेच. ‘जाऊ’ एवढ्यावर आज्ञा पुरी होत नाही. परंतु ‘आला नाही’ यातील शेवट गळाला तर ‘आला’ हे पूर्ण वाक्य शिल्लक राहते. ‘निघणार नाहीत’ यातून ‘निघणार’ उरते, आणि बोलण्यात ‘आम्ही उद्या निघणार’ हे सर्वस्वी पूर्ण वाक्य आहे. म्हणजे नुसता अर्थ हरवत नाही. उलटा अर्थ व्याकरणशुद्ध रूपात श्रोत्याच्या हाती पडतो आणि त्याला शंकाही येत नाही. ‘आहे’ व ‘नाही’ ही जोडीदेखील दुबळी आहे. दोन्ही शब्द दोन अक्षरांचे, दोहोंच्या मध्यभागी तोच हकार. फरक राहतो तो आरंभीच्या नकारात आणि अखेरच्या ए-ईत. गंमत अशी की सूचनांची भाषा ही मुख्यतः भविष्याची आणि कर्तव्याची भाषा असते : ‘निघणार आहे’, ‘करावयाचे नाही’, ‘मिळणार नाही’. म्हणजे सर्वांत नाजूक रचना आपण सर्वांत मोठ्या समुदायापुढे वापरतो.

यावर मराठीतच उपाय आहेत. होकारासाठी ‘निघणार आहेत’ ऐवजी ‘निघतील’ म्हटले की ‘निघणार नाहीत’ याच्याशी गल्लत होण्याचा प्रश्नच उरत नाही. नकाराची पूर्वसूचना देणारे ‘मुळीच’, ‘अजिबात’, ‘कदापि’ यांसारखे शब्द आपल्याजवळ आहेत. लेखनात ते पाल्हाळ वाटतात, मैदानात ते पहारेकरी ठरतात. ‘कोणीही’ मात्र या कामी भरवशाचे नाही, कारण ‘कोणीही यावे’ असेही आपण म्हणतो.

दुसरा उपाय सुरावलीचा आहे, आणि त्याची परिभाषा भरताने देऊन ठेवली आहे. नाट्यशास्त्रात पाठ्याच्या गुणांत उर, कंठ व शिर ही तीन स्थाने सांगून दूरच्या माणसाशी शिरस्थानाने, बेताच्या अंतरावर कंठाने आणि जवळच्याशी उरस्थानाने बोलावे असा विनियोग दिला आहे. त्याच प्रकरणात साकांक्ष व निराकांक्ष असे काकूचे दोन भेद आहेत : अर्थ अजून पुरा व्हावयाचा आहे असे सुचविणारा सूर आणि तो पुरा झाला असे सुचविणारा सूर. ‘निघणार’ हा शब्द साकांक्ष सुरात ठेवला, म्हणजे तेथे सूर न पाडता क्षणभर थांबले, तर पुढे काहीतरी येणार आहे हे श्रोत्याला कळते, त्याचे कान टवकारतात आणि विरामामुळे ‘नाहीत’ मागच्या अक्षरांपासून सुटे होऊन पोचते. वाक्य तोडावयाचे झाल्यास श्वास संपेल तेथे न तोडता या जागी तोडावे.

जुन्या कीर्तनकारांना हे सारे सवयीने अवगत होते. वारकरी कीर्तनात निरूपणाचा एक टप्पा झाला की टाळकरी चरण उचलून धरतात. तेवढ्या अवधीत कीर्तनकाराच्या स्वरतंतूंना विसावा मिळतो, आणि दोन-दोन तास उभे राहून बोलणे त्यामुळेच निभते. पुष्कळ कीर्तनकार वाक्याचा शेवटचा शब्द स्वतः न उच्चारता श्रोत्यांकडून वदवून घेतात. गाडगेमहाराजांनी (1876–1956) तर ही रीत कीर्तनाचा कणाच बनविली. त्यांच्या अखेरच्या वर्षी मुंबईत वांद्रे येथे झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. महाराज प्रश्न टाकतात आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ हे उत्तर समुदाय देतो. त्याचे समाजप्रबोधनाच्या अंगाने पुष्कळ विवेचन झाले आहे. भाषेच्या अंगाने पाहिले तर वाक्यातील सर्वांत क्षीण व सर्वांत मोलाचा शब्द तेथे हजारो कंठांच्या स्वाधीन केलेला आहे. तो विरणे शक्यच नाही. शाहिराच्या मागे झीलकऱ्यांनी ‘जी जी’ धरणे, यातही हेच श्रमविभाजन दिसते. याच जिल्ह्यातील बार्शीचे शाहीर अमर शेख (1916–1969) यांच्या पहाडी आवाजाची आठवण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीसंबंधी बोलताना आजही निघते. परंतु पोवाड्याची रचनाच आवाजाला किती सांभाळून घेते, याचीही दखल त्याबरोबर घ्यावयास हवी.

ध्वनिक्षेपक आल्यावर हा प्रश्न सुटला असे समजणे चुकीचे आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मैदानात 68 मीटर अंतराने दोन कर्णे लावले, तर जवळच्या कर्ण्याशेजारी बसलेल्या श्रोत्याला दूरच्या कर्ण्यातील आवाज एक-पंचमांश सेकंद उशिरा ऐकू येतो. साध्या गतीने बोलताना आपण सेकंदाला पाच-सहा अक्षरे उच्चारतो. म्हणजे प्रत्येक अक्षरावर मागच्या अक्षराची छाया पडते. मागील अक्षर बळकट आणि पुढील क्षीण, अशी स्थिती वाक्यान्ती नेहमीच असल्यामुळे ‘निघणार’चा प्रतिध्वनी ‘नाहीत’ला झाकतो. येथे आवाज वाढविल्याने छायाही तितकीच वाढते. उपयोगी पडते ती फक्त गती कमी करणे आणि ‘नाही’पूर्वीचा तो विराम. या भागाच्या बोलीतील ‘न्हाई’, लांबविलेल्या महाप्राण नकारामुळे, अशा वेळी प्रमाण ‘नाही’पेक्षा अधिक टिकाव धरते असे माझ्या कानाला वाटते, ध्वनिलेखावर मोजून पाहण्याजोगी ही गोष्ट आहे, आणि पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्यासाठी वेळापूरच्या तळापेक्षा दूर जावे लागणार नाही.

विभागातील चर्चासत्रांत निबंध वाचला जातो तेव्हा अंतर दहा मीटरांचे असते, तरीही हीच हानी घडते. किंबहुना लिखित वाक्य लांब असल्यामुळे अधिक घडते. तीन पोटवाक्ये ओलांडून वाचक ‘असे म्हणता येत नाही’ येथपर्यंत येतो, तोवर श्वास संपलेला असतो व दृष्टी पुढच्या ओळीवर गेलेली असते. ऐकणाऱ्याने टिपून घेतलेले असते ते ‘असे म्हणता येते’. पुढची दहा मिनिटे जी शंका विचारली जाते, ती वक्त्याने न मांडलेल्या सिद्धान्ताविषयी असते.