कार्यालयातील संगणकाची राखण

धर्मग्रामाच्या कार्यालयात पाऊल ठेवले म्हणजे पूर्वी प्रथम दृष्टीस पडे ते कोपऱ्यातील लोखंडी कपाट. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या त्यात कुलूपबंद असत, व किल्ली फादरांच्या झग्याच्या खिशात. कपाट आजही आहे. परंतु त्याच्या शेजारी मेजावर संगणक येऊन बसला आहे, आणि कोणी दाखला मागावयास आले की मदतनीस कपाटाकडे न वळता संगणकाकडे वळतो. नाव टंकले की नोंद पडद्यावर हजर. सोय मोठीच आहे. मात्र कपाटाला जशी कुलूपकिल्ली होती तशी या यंत्राची राखण कोण करतो, असे विचारले तर पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळत नाही.

या नोंदींचे मोल आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाची नोंदवही ठेवण्याचे बंधन धर्मग्रामाच्या धर्मगुरूंवर घातले. आज धर्मसभेच्या कायद्याचे ५३५ वे कलम बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू या तिन्ही वह्या नीट लिहून जपण्याची आज्ञा करते. बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या बाजूस पुढे दृढीकरण व विवाह यांचीही टीप पडते. म्हणून लग्न ठरले की वधूवरांनी बाप्तिस्मा झालेल्या चर्चमधून नवा दाखला आणावयाचा असतो. मुलगी बडोद्यास नोकरीला, बाप्तिस्मा गोव्यात, वर हैदराबादचा, अशी लग्ने आता नवीन नाहीत. दाखला वेळेवर न आल्यास काय धावपळ होते, ते ज्यांच्या घरी लग्नकार्य झाले आहे त्यांस सांगावयास नको.

प्रस्तुत लेखक काही वर्षे आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात लिखापढीस मदत करीत आहे. एका वर्षी सणाच्या आदल्या आठवड्यात, पत्रिका छापावयाच्या घाईत, दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह आम्ही न तपासता संगणकास लावला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो सर्व फोल्डर नाहीसे, आणि त्यांच्या जागी त्याच नावांची, कोपऱ्यात लहानसा बाण असलेली चिन्हे!

फादरांनी विचारले, "मास्तर, प्रत काढून ठेवली आहे ना?"

"आहे, फादर."

"कोठे?"

मला खाली पाहावे लागले. प्रत त्याच संगणकात होती.

देवाची कृपा, की तो व्हायरस साधा होता. त्याने फोल्डर लपविले होते, पुसले नव्हते. तालुक्याच्या गावच्या एका जाणकार तरुणाने ते तासाभरात परत दाखविले. पण फादरांचा तो "कोठे?" माझ्या मनातून गेला नाही. पुढे एका फार मोठ्या कंपनीची हकीकत वाचनात आली, तेव्हा तिच्यावरही नेमका तोच प्रश्न आला होता असे दिसले.

डेन्मार्क देशातील कोपनहेगन येथे मर्स्क नावाची जहाज कंपनी आहे. जगातील सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांत तिची गणना होते. २७ जून २०१७ रोजी, मंगळवारी, तिच्या कचेऱ्यांतील संगणकांचे पडदे एकामागून एक काळे पडू लागले. कारण घडले होते दूर युक्रेनमध्ये. तेथे हिशेब व करभरणा यांसाठी एम. ई. डॉक नावाचा प्रोग्राम सर्रास वापरीत. तो बनविणाऱ्यांच्या यंत्रांत शिरून कोणी दुष्टांनी अपडेटच्या वाटेने एक विनाशक व्हायरस सोडला. मर्स्कच्या ओडेसा येथील कचेरीत तो प्रोग्राम एकाच संगणकावर होता, असे सांगतात. शत्रूला तेवढे दार पुरले. पडद्यावर ३०० डॉलर खंडणीची मागणी दिसे, परंतु ते ढोंग होते. पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हतीच. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांच्या सरकारांनी या कृत्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. रशियाने तो नाकारला.

या आगीची झळ आपल्या दारापर्यंतही आली. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या धक्क्याचे काम कोलमडले. कोणता डबा कोणत्या जहाजाचा, हे सांगणारे यंत्रच मुके झाले, मग माल हलणार कसा?

आता मुख्य गोष्ट. कंपनीच्या जाळ्यात कोणास आत घ्यावयाचे व कोणास नाही, हे ठरविणारी सुमारे १५० यंत्रे जगभर होती. ती एकमेकांची नक्कल सतत करीत. एक बिघडले तर दुसऱ्यावरून ते उभे करता यावे, अशी योजना. सर्व यंत्रे एकदमच जातील, हे कोणाच्या मनात आले नव्हते, आणि घडले तेच. एकमेकांची प्रत असलेली ती यंत्रे एकमेकांबरोबरच गेली. शोधाशोध करता एकच वाचलेले आढळले, आफ्रिकेतील घाना देशात. का वाचले? तर हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेली होती, आणि ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते! वीज गेली म्हणून आपण नित्य कुरकुरतो. त्या दिवशी त्या अंधाराने केवढे काम केले पाहा. इंटरनेटवरून ती माहिती इंग्लंडला धाडावयाची तर तेथील लाइन फार मंद. घानातील कोणा कर्मचाऱ्याजवळ ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी एक जण ती डिस्क घेऊन विमानाने नायजेरियास गेला, तेथील विमानतळावर त्याने ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली, आणि त्या सहकाऱ्याने ती लंडनला पोहोचविली. त्यानंतर सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करण्यात आले. कंपनीच्या अंदाजाप्रमाणे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांचे झाले.

आमच्या एका संगणकाची आणि त्या ४५,००० संगणकांची चूक एकच होती. मूळ आणि प्रत एकाच दोरीला बांधलेली असली, तर दोर तुटताच दोन्ही बुडतात. म्हणून प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी, आणि घेऊन झाली की ती डिस्क संगणकापासून सोडवून काढावी. कित्येक जण येथेच चुकतात. डिस्क विकत आणतात आणि ती रात्रंदिवस यंत्राला लावूनच ठेवतात. अशी लावलेली डिस्क व्हायरसला हातासरशी सापडते. शक्य असल्यास दोन डिस्क ठेवाव्यात व एक दुसऱ्या इमारतीत असावी, कारण आग आणि पूर यांना व्हायरसची गरज लागत नाही. माझे स्वतःचे मत असे, की वहीत हाताने लिहिणे तर मुळीच सोडू नये. विवाहाची टीप आधी वहीत, मग संगणकात. वही ही मूळ. संगणक तिचा चपळ सेवक.

मग अपडेट घ्यावे की न घ्यावे? युक्रेनमध्ये तर दगा अपडेटमधूनच झाला, असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. परंतु त्या व्हायरसने विंडोजमधील जे भगदाड वापरले, ते बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिले होते. त्याच भगदाडातून १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा दुसरा व्हायरस शिरला, आणि इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. दोन महिने आधी आलेले अपडेट पुष्कळ यंत्रांवर घेतलेच नव्हते. तेव्हा अपडेट घ्यावे, हेच बरे. विंडोज १० चा नेहमीचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात असावे. ज्या कार्यालयात अजून ते चालते, तेथे जाणकाराचा सल्ला घ्यावा. आणि यंत्र फारच जुने असेल तर निदान त्याला इंटरनेट जोडू नये.

पासवर्डविषयी एक गोष्ट मर्स्कच्या प्रकरणातच शिकावयास मिळते. तो व्हायरस एका यंत्राच्या स्मृतीतून पासवर्ड चोरी व त्यांच्या बळावर अपडेट केलेल्या यंत्रांतही शिरे. सर्व यंत्रांना एकच किल्ली असली की असे होते. आपल्याकडे तर पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटविण्याची चाल आहे! नित्याचे काम साध्या खात्यातून करावे. नवे प्रोग्राम घालण्याचा अधिकार असलेले खाते वेगळे ठेवून त्याचा पासवर्ड दोघांनाच माहीत असावा. फादरांच्या अथवा बिशप महोदयांच्या नावाने पैसे मागणारा संदेश आला, तर उत्तर न लिहिता त्यांना दूरध्वनी करून विचारावे. आणि कोणाचे पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर होईल तितकी ती रक्कम अडवून धरणे कठीण होते.

राहिली यंत्राच्या प्रकृतीची गोष्ट. संगणकाला ताप येतो तो बहुधा धुळीने. सुंदर विणलेले आच्छादन चालू यंत्रावर घालणाऱ्या भगिनींना क्षमा मागून सांगतो, की त्याने यंत्राचा श्वास कोंडतो. यंत्र बंद केल्यावरच ते घालावे. वर्षातून दोनदा पेटी उघडवून पंख्यावरची धूळ झाडून घ्यावी. आपल्याकडील विजेच्या लहरी पाहता यूपीएसवाचून संगणक चालवू नये, आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली की ती बदलावी. पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालू करणे हिताचे. दमटपणा त्याला मानवत नाही.

एक काम मात्र आम्हांसही पुष्कळ दिवस सुचले नव्हते. आम्ही दर आठवड्यास प्रत घेत होतो, पण ती उघडून कधी पाहिली नव्हती. गेल्या वर्षी फादरांनी सहज एक नाव सांगितले आणि म्हणाले, "मास्तर, ही नोंद आज प्रतीतून काढून दाखवा." डिस्क लावली, तर प्रत अर्धवटच! मध्ये केव्हातरी डिस्क भरून गेली होती आणि पुढच्या नोंदी तीत चढल्याच नव्हत्या. तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी प्रत घेतली जाते, आणि महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर सांगतील ते एक नाव तीतून शोधून दाखवावे लागते. मग डिस्क काढून तीवर तारखेची चिठ्ठी लावतो, आणि ती नोंदवह्यांशेजारी त्याच लोखंडी कपाटात जाते. दुसरी डिस्क भगिनींच्या मठात असते.