नवे करनियम आणि खेड्यांतील दुकानदार

मृग नक्षत्र लागलें कीं तालुक्याच्या गांवीं बियाणें, खतें व औषधें विकणाऱ्या दुकानांपुढें जी दाटी होते, ती आमच्या वाचकांस नवी नाहीं. गाडींतून पोतीं उतरवून घेणें, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकणें, उधारीची वही लिहिणें, हें सर्व उरकीत असतां दुकानदाराच्या मनांत अलीकडे आणखी एक काळजी घर करून असते. ती महिन्याच्या ११, १४ आणि २० या तारखांची होय. ११ तारखेपर्यंत मागील महिन्याच्या विक्रीचीं बीजकें सरकारी संकेतस्थळावर चढवावयाचीं, १४ तारखेस आपल्या खरेदीवरील किती कर वजा मिळणार हें तेथें दिसावयाचें, आणि २० तारखेच्या आंत विवरणपत्र व कर दोन्ही भरावयाचीं. शेतकऱ्यांच्या मासिकांत ही करांची उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. जमीन कसणारा शेतकरी स्वतः पिकविलेला माल विकतो तेवढ्यापुरती त्यास या कराची नोंदणी करावी लागत नाहीं, हें खरें आहे. परंतु ज्या दुकानावर त्याचा हंगाम चालतो त्या दुकानाचा हात आंखडला, म्हणजे पहिली बंद होते ती शेतकऱ्याचीच उधारी.

वस्तु व सेवा कर ता. १ जुलै २०१७ रोजीं सुरू झाला; त्यापूर्वींहि महाराष्ट्रांत २००५ पासून मूल्यवर्धित कर होताच. आज पेरणीच्या बियाण्यांवर कर नाहीं, रासायनिक खतांवर शेंकडा ५ व रासायनिक कीटकनाशकांवर शेंकडा १८ आहे. सूक्ष्म अन्नद्रव्यें, कांहीं ठराविक जैविक कीटकनाशकें व ठिबक संच यांवरील कर ता. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा १२ वरून ५ वर आला, हें चांगलेंच झालें. दुकानदारांशीं बोलतां आम्हांस असें आढळलें कीं, दरांबद्दल त्यांची तक्रार फारशी नाहीं. तक्रार आहे ती हिशेब देण्याच्या रीतीबद्दल.

दुकानदारानें माल घेतांना घाऊक व्यापाऱ्यास कर दिलेला असतो. तो आपल्या विक्रीवरील करांतून वजा करून बाकीची रक्कम सरकारांत भरावयाची, हें या कराचें मूळ तत्त्व होय. आरंभीं हातांतील बीजकाच्या आधारें ही वजावट घेतां येई. ऑक्टोबर २०१९ मध्यें नियम झाला कीं, पुरवठादारानें चढविलेल्या बीजकांवरून जेवढी वजावट निघते तीहून शेंकडा २० पर्यंतच अधिक घ्यावी. जानेवारी २०२० पासून हें प्रमाण १० झालें, जानेवारी २०२१ पासून ५, आणि १ जानेवारी २०२२ पासून शून्य. म्हणजे दुकानदाराच्या पेटींत छापील बीजक आहे, त्याप्रमाणें पैसे दिल्याची नोंदहि आहे, तरी पुरवठादारानें तें बीजक चढविलें नसेल तर वजावट नाहीं.

याचा अर्थ आंकड्यांत पाहूं. एका दुकानदारानें १,००,००० रुपयांचें औषध घेतलें व त्यावर १८,००० रुपये कर दिला. तें त्यानें १,१०,००० रुपयांस विकलें आणि गिऱ्हाइकांकडून १९,८०० रुपये कर घेतला. सर्व सुरळीत असेल तर त्यास सरकारांत १,८०० रुपये भरावयाचे, व १०,००० रुपये त्याचा नफा. पण घाऊक व्यापाऱ्यानें कसूर केली, तर त्यास पूर्ण १९,८०० भरावे लागतात. दहा हजारांचा नफा तर गेलाच, वर ८,००० रुपये गांठचे गेले. पुढें व्यापाऱ्यानें बीजक चढविलें तर ही रक्कम परत वजा मिळते. परंतु त्यासहि मुदत आहे, ती पुढील आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरची, अथवा वार्षिक विवरणपत्र त्याआधीं भरलें असेल तर त्या दिवसाची. तोंवर भांडवल अडकून पडतें तें ऐन हंगामांत. खोटीं बीजकें काढून सरकारचा पैसा लुबाडणारे लोक पुष्कळ निघाले म्हणून ही कडक तपासणी आली, हें आम्ही नाकारीत नाहीं. मात्र चोराच्या वाटेवर घातलेलें कुंपण सावाच्या दारापुढेंहि उभें राहिलें आहे. दुसऱ्याच्या आळसाचा दंड आपण भरावा, ही गोष्ट कोणत्याहि व्यवहारी माणसास पटणें कठीण.

शेतीच्या धंद्यांत याहून अवघड बाब उधारीची आहे. विदर्भांत किंवा खानदेशांत कापसावर फवारावयाचें औषध शेतकरी जुलै-ऑगस्टमध्यें नेतो आणि पैसे देतो वेंचणी होऊन कापूस विकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर. कायद्याच्या दृष्टीनें मात्र विक्री झाली ती बीजक फाडलें त्या दिवशीं. त्यामुळें न मिळालेल्या पैशावरील कर दुकानदारानें पुढच्याच महिन्यांत भरावयाचा असतो. दुसरीकडे, दुकानदारानें स्वतः उधारीवर आणलेल्या मालाचे पैसे बीजकाच्या तारखेपासून १८० दिवसांत घाऊक व्यापाऱ्यास दिले नाहींत, तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. जूनच्या आरंभीं आणलेल्या मालाचे १८० दिवस डिसेंबर लागतांच संपतात. पाऊस लांबला, वेंचणी मागें गेली, कीं हें गणित चुकलेंच. पैसे दिल्यावर वजावट पुन्हां घेतां येते. व्याज मात्र गेलें तें गेलें.

मग एकरकमी कराची सवलतीची योजना कां घेऊं नये ? वार्षिक उलाढाल ४० लक्षांच्या आंत व विक्री राज्यांतल्या राज्यांत असेल तर साधारणतः नोंदणीच लागत नाहीं. मात्र या ४० लक्षांत करमुक्त बियाण्यांची विक्रीहि धरतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्यापुढें दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्यास करपात्र विक्रीवर शेंकडा १ भरून मोकळें होतां येतें. कर तिमाहीस व विवरणपत्र वर्षांतून एकदां. परंतु गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेतां येत नाहीं, आणि वजावटहि नाहीं. वरील औषधाचें उदाहरण घ्या. तोच माल १,२९,८०० रुपयांस विकून शेंकडा १ प्रमाणें १,२९८ रुपये दिले, तर नफा १०,५०२ रुपये उरतो, लाभच झाला. आतां खत घ्या. १,००,००० रुपयांचें खत ५,००० रुपये कर देऊन आणलें आणि शेंकडा ५ नफ्यानें करासह १,१०,२५० रुपयांस विकलें. नेहमींच्या रीतीनें नफा ५,००० रुपये. एकरकमी योजनेंत १,१०२ रुपये ५० पैसे भरून ४,१४७ रुपये ५० पैसे. खताचा नफा आधींच बारीक, त्यांतून हा तुकडा जातो. शिवाय औषधास एक रीत व खतास दुसरी, असें एका मालकास करतां येत नाहीं. सर्व धंद्यास एकच निवड, आणि तीहि आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वीं. म्हणून आपल्या विक्रींत खत किती व औषध किती हें मागील वर्षाच्या वहींतून काढल्याखेरीज कोणाच्या सांगण्यावरून ही योजना घेऊं नये.

तालुक्याच्या गांवीं नांगर, पेरण्याचीं यंत्रें बनविणारा लहान कारखानदार वेगळ्याच पेचांत आहे. पांच कोटींच्या आंतील उलाढालीस २०२१ पासून तिमाही विवरणपत्राची मुभा मिळाली. परंतु त्यानें तिमाहीअखेरच बीजकें चढविलीं, तर त्याच्याकडून माल घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याची वजावट तोंवर लांबते, व असा व्यापारी हळूहळू मोठ्या कारखान्याकडे वळतो. यावर उपाय आहे. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचीं बीजकें पुढील महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढविण्याची सोय सरकारनें ठेविली आहे. ती सक्तीची नाहीं म्हणून कित्येक जण वापरीत नाहींत आणि गिऱ्हाईक गमावतात.

जुलै २०२५ च्या हिशेबापासून आणखी दोन गांठी पडल्या. विक्रीच्या बीजकांवरून निघालेला कराचा आंकडा आतां विवरणपत्रांत हातानें बदलतां येत नाहीं. चूक सुधारावयाची ती तें भरण्यापूर्वीं, वेगळ्या दुरुस्तिपत्रानें. आणि मुदतीपासून तीन वर्षें उलटलेलें विवरणपत्र मुळींच स्वीकारलें जात नाहीं. उशिराबद्दल रोजीं ५० रुपये शुल्क आहे. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीस त्याची कमाल मर्यादा विवरणपत्रामागें २,००० रुपये. राहिलेल्या करावर दरसाल शेंकडा १८ व्याज वेगळें. हिशेबनीसाच्या भरंवशावर सर्व सोडून देणाऱ्या दुकानदारानें निदान १४ तारखेस संकेतस्थळावरील यादी व आपली खरेदीवही शेजारीं ठेवून ताळा पाहावा, आणि जें बीजक दिसत नाहीं त्याबद्दल घाऊक व्यापाऱ्यास त्याच दिवशीं विचारावें. सतत चुकणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दोन रुपये स्वस्त असला तरी तो महागच पडतो.

आमच्या परिचयाच्या एका दुकानदारानें गेल्या हंगामापासून उधारीची रीत थोडी बदलली आहे. औषधाचें बीजक ११,८०० रुपयांचें झालें, तर त्यांतील कराचे १,८०० रुपये तो रोख मागतो व उरलेले १०,००० हंगामावर ठेवतो. आरंभीं शेतकरी कुरकुरले. कर त्यास लगेच भरावा लागतो हें त्यानें वही उघडून दाखविलें, तेव्हां बहुतेकांनीं मान्य केलें. दोघे-तिघे दुसऱ्या दुकानीं गेले. ही रीत आम्हांस रास्त वाटते. मात्र रोख कर देणाऱ्या शेतकऱ्यानें त्याच वेळीं आपल्या नांवाचें पक्कें बीजक मागून घ्यावें, आणि १,८०० रुपये मिळाल्याची नोंद उधारीच्या वहींत आपल्या समोर करवून घ्यावी.