अठ्ठेचाळीस वर्षांनी मिळालेलं नाव

आमच्याकडे आजोबांच्या हातची वंशावळीची वही आहे. सात पिढ्या व्यवस्थित लिहिलेल्या, पण त्यात फक्त मुलगे. आत्या, आत्येआजी यांची नावंच नाहीत. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. रूथची हकीकत वाचली आणि ती वही पुन्हा काढून बसलो.

२६ जुलै १९७४. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातलं प्रॉव्हिन्सटाउन हे समुद्रकाठचं गाव. वाळूच्या टेकड्यांमध्ये कुत्र्याला घेऊन फिरणाऱ्या एका मुलीला एका बाईचा मृतदेह दिसला. डोक्यावर जबर घाव, डोक्याखाली जीन्सची घडी आणि दोन्ही हात कापून नेलेले. बोटांचे ठसे मिळू नयेत, ओळख पटू नये, हाच त्यामागचा हेतू असणार. दातांवर सोन्याच्या महागड्या कॅप होत्या, पण त्यावरूनही माग लागला नाही. नाव नसल्यामुळे लोक तिला 'लेडी ऑफ द ड्यून्स', म्हणजे वाळूच्या टेकड्यांवरची बाई, म्हणू लागले. चेहऱ्याची कल्पनाचित्रं झाली, थडगं पुन्हा पुन्हा उघडलं गेलं. उपयोग शून्य.

पोलिसांच्या नेहमीच्या डीएनए चाचणीत वीसेक ठिकाणं तपासतात. तीच व्यक्ती किंवा अगदी जवळचं कुणी नोंदीत असेल तरच त्याचा फायदा. वंशशोधाच्या चाचणीत मात्र लाखो ठिकाणं वाचली जातात, त्यामुळे दूरचे नातेवाईकही सापडतात. सख्ख्या चुलत किंवा मामेभावंडांत साधारण साडेबारा टक्के डीएनए सारखा असतो. पणजोबा-पणजी एकच असतील, तर तीन टक्क्यांच्या आसपास. असा एखादा धागा हाती लागला की जन्म-लग्नाच्या नोंदी चाळत आधी वर पूर्वजांपर्यंत जायचं, मग एकेका फांदीने खाली उतरायचं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना 'ट्री' रोजचाच. पण इथे प्रत्येक फांदीच्या टोकाला एक माणूस असतो.

३१ ऑक्टोबर २०२२ रोजी एफबीआयने तिचं नाव जाहीर केलं: रूथ मेरी टेरी. जन्म १९३६, टेनेसी राज्यातला. मृत्यूच्या वेळी वय ३७. ती कुणाची मुलगी, बहीण, बायको आणि आई होती.

नाव कळताच तपासाला दिशा मिळाली. रूथचं लग्न खुनाच्या काही महिने आधीच, १९७४ मध्येच, गाय मुल्डाविन याच्याशी झालं होतं. प्रवासाहून तो एकटाच परतला आणि रूथ वारली असं त्याने लोकांना सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारी वकिलांनी तोच खुनी असल्याचं जाहीर करून प्रकरण बंद केलं. तो २००२ मध्येच मेला होता, त्यामुळे खटला चाललाच नाही.

म्हणजे शिक्षा कुणालाच झाली नाही. तरीही तिच्या माणसांना ती कुठे गेली हे अखेर कळलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

डीएनए आईकडून आणि बापाकडून निम्मा निम्मा येतो. आमच्या वहीसारखी फक्त मुलग्यांची वंशावळ हाती घेऊन कुणी असा शोध घेतला असता, तर अर्ध्या वाटा पहिल्याच पानावर बंद झाल्या असत्या. म्हणून गेल्या रविवारी आत्याला फोन लावला. तिने तासभर नावं सांगितली, मी लिहून घेतली. वहीत आता बारा बायका आल्या आहेत. दोघींची माहेरची नावं अजून शोधतोय.