प्रश्न विचारणारी देशभक्ती

नागरिकशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, देशाचे रक्षण सैन्य करते, मग त्यात राजकीय पक्षांचे काय काम?" प्रश्न साधा होता, पण उत्तरासाठी मला १९६२ सालापर्यंत मागे जावे लागले.

त्या वर्षी २० ऑक्टोबरला चीनने मोठे आक्रमण केले. संरक्षण खात्याच्या कारभारावर आचार्य कृपलानी लोकसभेत आधीपासूनच कठोर टीका करीत होते. युद्ध चालू असतानाच जनसंघाचे तरुण राज्यसभा सदस्य, आमच्या ग्वाल्हेरचे सुपुत्र अटलबिहारी वाजपेयी यांनी संसदेचे अधिवेशन तातडीने बोलावण्याची मागणी केली. पंडित नेहरूंनी अधिवेशन बोलावले. ते ८ नोव्हेंबरला सुरू झाले. त्याच्या आदल्याच दिवशी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन मंत्रिमंडळाबाहेर पडले होते. त्यांनी जावे हा आग्रह केवळ विरोधकांचा नव्हता. खुद्द काँग्रेसच्या खासदारांनीही तो धरला होता. आणि याच संसदेने १४ नोव्हेंबरला, आक्रमकाला भारतभूमीवरून हुसकावून लावण्याचा निर्धार एकमुखाने व्यक्त केला.

मेनन यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे उद्गार आपल्या घराघरांत तेव्हापासून रुळले. पण पुढची गोष्ट आपण विसरतो. १९६३ साली नाशिकच्या पोटनिवडणुकीत अन्य पक्षांनी यशवंतरावांना बिनविरोध लोकसभेत पाठविले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतील तो पहिलाच अविश्वास ठराव. तो ३४७ विरुद्ध ६२ मतांनी फेटाळला गेला. तरी सरकारला भर सभागृहात उत्तर द्यावे लागले. १९६४ मध्ये संरक्षणाची पंचवार्षिक योजना आली. तीत सव्वाआठ लाखांचे सैन्य, डोंगरी युद्धासाठी खास डिव्हिजने आणि हवाई दलाची वाढ यांचा संकल्प होता. १९६५ च्या युद्धात देश सावरून उभा राहिलेला दिसला, त्यामागे जवानांच्या शौर्याइतकाच हा बोधही होता.

मी त्या मुलाला म्हटले, "बाळ, सीमेवर लढतो तो जवानच. पण त्याला पुरेशी शस्त्रे, उबदार कपडे आणि स्पष्ट आदेश मिळाले की नाहीत, हे विचारायला तो स्वतः संसदेत येऊ शकत नाही. त्याच्या वतीने ते विचारणे हे पक्षांचे काम."

संकटात एक होणे आणि तरीही प्रश्न विचारीत राहणे, या दोन्ही गोष्टी त्या पिढीने एकाच वेळी साधल्या. मतदानाला जाताना आपणही प्रत्येक पक्षाकडून एवढीच अपेक्षा धरू या.