थंड विमान आणि तयार विमान

मोटार सुरू करावयाची तर किल्ली फिरवावयाची अगर एक कळ दाबावयाची, एवढें आपणां सर्वांस ठाऊक आहे. लढाऊ विमानाचें प्रकरण इतकें सोपें नाहीं. रात्रभर उघड्यावर उभें राहिलेलें विमान सकाळीं उडण्याजोगें करावयाचें म्हणजे विजेचे, इंधनाचे, दाबाचे व दिशेचे अनेक खटके ठराविक क्रमानें चालवावे लागतात, आणि त्यांतला एखादा जरी मागचा पुढें झाला तरी काम अडतें. संगणकावर हींच विमानें उडविण्याचे जे खेळ निघालेले आहेत, आणि ज्यांस त्यांचे भक्त 'खेळ' न म्हणतां 'सिम्युलेटर' असें भारदस्त नांव देतात, त्यांत या प्रारंभविधीवरून खेळणारांमध्यें दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो कीं, विमान थंड व अंधारें असतांना त्यांत बसावें आणि प्रत्येक खटका स्वहस्तें चालवून त्यास जागें करावें. जो असें करीत नाहीं तो वैमानिक नव्हे, नुसता नेमबाज. दुसरा तट म्हणतो कीं, दिवसभर कचेरींत राबून आलेल्या माणसास रात्रीं कशीबशी तासभर सवड मिळते. तींतलीं वीस मिनिटें खटके दाबण्यांत गेलीं तर लढावयाचें केव्हां?

ज्या घरांत असा एखादा तरुण आहे तेथील मंडळींस हा वाद अगदींच अपरिचित नसेल. पानें वाढलेलीं असतात, हांकांवर हांका चालू असतात, आणि आंतून उत्तर येतें, "आई, आतां उठतां येत नाहीं, विमानाचें अलाइनमेंट चाललें आहे!" त्या माउलीस हें उत्तर उद्धट वाटलें तर नवल नाहीं. परंतु त्या अपरिचित शब्दामागें बरीच मनोरंजक हकीकत आहे.

१९९८ सालीं मायक्रोप्रोज या अमेरिकन कंपनीनें 'फाल्कन ४.०' हा खेळ काढला. एफ-१६ जातीच्या लढाऊ विमानाचें तें अनुकरण असून पुढें हौशी लोकांनीं तें आणखी सुधारलें. त्यांत आरंभींच विचारतात कीं, तुम्हांस धांवपट्टीच्या तोंडाशीं उभें करावें, तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर, कीं इंजिन बंद असलेल्या विमानांत त्याच्या उभें राहण्याच्या जागीं? तिसरा पर्याय घेणारानें प्रथम बॅटरी लावावयाची. मग एका लहानशा सहायक टर्बाइनचा खटका टाकावयाचा. ही टर्बाइन तेलाच्या सांठविलेल्या दाबावर फिरूं लागते आणि ती मोठ्या इंजिनास फिरविते. इंजिनाचे फेरे पूर्ण वेगाच्या शेंकडा वीसपर्यंत चढले म्हणजे मगच थ्रॉटल पुढें सारून इंधन सोडावयाचें. ही घाई कां करूं नये हें समजण्यासारखें आहे. इंजिनांत पुरेशी हवा खेंचली जाण्यापूर्वीं इंधन पेटलें तर उष्णता वाहून नेण्यास कांहीं उरत नाहीं आणि टर्बाइनचीं पातीं भाजून निघतात. खऱ्या विमानांत अशा एका चुकीनें सबंध इंजिन उतरवून तपासावें लागतें.

आतां त्या अलाइनमेंटविषयीं. विमानांत दिशा व स्थान सांगणारी एक यंत्रणा असते, ती चुंबकावर अवलंबून नसते. विमानास बसणारा प्रत्येक हिसका मोजून व त्यांची बेरीज करीत करीत, आपण निघालों तेथून किती लांब व कोणीकडे आलों हें ती सांगते. बेरीज बिनचूक यावयाची तर पहिला आंकडा बिनचूक हवा. म्हणून उड्डाणापूर्वीं विमान स्तब्ध उभें ठेवून त्या यंत्रणेस दोन गोष्टी शोधूं द्याव्या लागतात. खालची दिशा कोणती हें ती गुरुत्वाकर्षणावरून ठरविते, आणि उत्तर कोणती हें पृथ्वीच्या फिरण्यावरून. पृथ्वी आपल्याभोंवतीं तासाला पंधरा अंश फिरते. इतकी मंद गति टिपून तिच्यावरून उत्तर दिशा काढावयाची म्हणजे वेळ लागणारच. एफ-१६ मध्यें यास सुमारें आठ मिनिटें लागतात, आणि तेवढ्या वेळांत विमान हलवितां येत नाहीं. कोणास या खेळाविषयीं कितीहि तिटकारा असो, खोलींत बसलेला मुलगा पृथ्वीचें परिवलन पुरें मोजून होण्याची वाट पाहत आहे ही गोष्ट आम्हांस तरी मोठी गमतीची वाटते.

याच विमानांत आणखी एक सोय आहे. आदल्या वेळीं सांपडलेली दिशा यंत्रणेनें लक्षांत ठेवली असेल, आणि मध्यंतरीं विमान जागचें हललें नसेल, तर तेंच काम दीड मिनिटांत होतें. या गोष्टीचें महत्त्व पुढें दिसेल.

जुन्या विमानांचा विधि याहून वेगळा, पण कमी नाजूक नव्हे. १९४० सालच्या इंग्लंडवरील हवाई युद्धांत प्रसिद्धीस आलेलें स्पिटफायर घ्या. त्याचें मर्लिन इंजिन बारा सिलिंडरांचें व सत्तावीस लिटरांचें. थंड इंजिनांत आधीं हातपंपानें पेट्रोल दवडावें लागे. कमी झालें तर इंजिन पेटत नसे, जास्त झालें तर तें बुडे व प्रसंगीं आग लागे. प्रत्येक सिलिंडरास दोन ठिणग्या देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असत. ते आळीपाळीनें बंद करून फेरे किती उतरतात तें पाहावें लागे. तेल तापेपर्यंत इंजिनावर जोर घालावयाचा नाहीं, आणि तें तापल्यावर रेंगाळावयाचेंहि नाहीं. कारण जमिनीवर असतांना चाकाचा पाय पंखाखालच्या रेडिएटरापुढें येऊन त्याचा वारा अडवी, आणि थोडक्या वेळांत पाणी उकळूं लागे. सिलिंडर वर्तुळाकार बसविलेल्या इंजिनांचें दुखणें आणखी निराळें. रात्रभरांत तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत सांचतें, आणि तसेंच इंजिन फिरविलें तर तें तेल दबत नसल्यामुळें आंतला दांडा वांकतो. म्हणून प्रथम पंखा हातानें फिरवून तेल काढून टाकावें लागतें. २००१ सालीं निघालेल्या 'आयएल-२ स्टुर्मोविक' या रशियन खेळांत मात्र हें सारें एका कळेवर होतें. कळ दाबली कीं धूर निघतो आणि पंखा फिरूं लागतो. उलट 'डीसीएस वर्ल्ड' या खेळांत स्पिटफायरचा हातपंपसुद्धां आपणच चालवावा लागतो.

हा क्रम केवळ इंजिनाच्या प्रकृतीसाठीं असता तर आम्ही इतक्या विस्तारानें लिहिलें नसतें. त्यांत माणसांचें मरण गुंतलेलें आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंत ओहायो प्रांतांत राइट फील्ड येथें बोइंग कंपनीच्या नव्या चार इंजिनी विमानाची लष्करापुढें परीक्षा होती. विमान उंच चढलें, थबकलें, कोसळलें आणि पेटलें. मेजर प्लॉयर हिल हे त्यांत मरण पावले, व कंपनीचे मुख्य परीक्षक वैमानिक लेस्ली टॉवर हे भाजल्यामुळें पुढें वारले. दोघेहि नवशिके नव्हते, आणि इंजिनांत कांहींहि बिघाड नव्हता. उभ्या विमानाचे शेपटीकडील भाग वाऱ्यानें आपटूं नयेत म्हणून जो अडसर घालून ठेवतात तो काढावयाचा राहिला होता, एवढेंच. हें विमान एका माणसास झेपण्यापलीकडचें आहे असें कित्येकांस तेव्हां वाटलें. परंतु लष्करी वैमानिकांनीं अधिक शिक्षणाचा मार्ग न धरतां एक साधी गोष्ट केली: निघण्यापूर्वीं, उडतांना व उतरतांना काय काय पाहावयाचें याची लेखी यादी केली, आणि तोंडपाठ असलें तरी तें वाचूनच करावयाचें असा नियम घातला. तेंच विमान पुढें बी-१७ म्हणून गाजलें व १२,७३१ बांधलीं गेलीं. आज प्रवासी विमानाच्या वैमानिकापुढें जी यादी असते ती त्याच वंशांतली आहे.

मग थंड सुरुवातीच्या पक्षाचाच जय झाला असें वाचकांस वाटेल. तसें नाहीं, उलट आमच्या मतें इतिहास बऱ्याच अंशीं दुसऱ्या पक्षाच्या बाजूनें आहे. १९४० मध्यें इशारा मिळतांच जे वैमानिक धांवत सुटत, ते थंड विमानांत जाऊन बसत नसत. प्रत्येक विमानामागें एक इंजिनाचा व एक सांगाड्याचा कारागीर असे. पहांटेच्या अंधारांत उठून त्यांनीं इंजिन सुरू करून पाहिलेलें असे, दिवसभरांत तें थंड पडूं दिलेलें नसे, पेट्रोल भरलेलें असे, खटके जागच्या जागीं ठेवलेले असत, आणि विजेची हातगाडी जोडून तयार असे. वैमानिकाचें पॅराशूट पंखावर वा शेपटीवर मांडून ठेवलेलें असे. पुष्कळदां वैमानिक धांवत येऊन पोंचण्यापूर्वींच कारागिरानें इंजिन चालू केलेलें असे. तो बाहेर पडे, वैमानिक आंत बसे, आणि पट्टे आवळावयास तोच मदत करी. शत्रूची विमानें खाडी ओलांडीत असतांना एकेक मिनिट म्हणजे तितकी उंची होती, आणि उंचीवर जीव अवलंबून होता.

पुढच्या काळांतहि हेंच दिसतें. अमेरिकेचीं बी-५२ जातीचीं आठ इंजिनी बॉम्बफेकी विमानें शीतयुद्धांत सज्ज ठेवलेलीं असत, आणि इशाऱ्यानंतर सुमारें पंधरा मिनिटांत त्यांनीं उडावें अशी अपेक्षा असे. एकामागून एक आठ इंजिनें सुरू करीत बसण्यास तेथें सवड कोठली? म्हणून इंजिनांत दारूचीं काडतुसें घालून ठेवीत. तीं उडवितांच काळ्या धुराचा लोट उठून इंजिनें फिरूं लागत. हा सज्जतेचा पहारा १९९१ सालीं उठविण्यांत आला. वर सांगितलेली एफ-१६ ची दीड मिनिटाची सोयहि याच गरजेंतली. सज्ज विमान अगोदरच जागें करून, तपासून, दिशा शोधून ठेवलेलें असतें. वैमानिकाच्या वांट्यास शेवटचे थोडे खटके येतात.

तेव्हां खेळांत थंड विमानांत एकट्यानें बसून सारें काम करणारा खेळाडू यंत्राशीं प्रामाणिक असला तरी माणसांच्या बाबतींत तो प्रामाणिक नाहीं. तो तिघाचौघांचें काम एकटा करतो, आणि ज्यांनीं तें खरोखर केलें ते पडद्यावर बहुधा दिसतहि नाहींत. विमानाभोंवतीं फिरून चाकें, नळ्या व अडसर पाहण्याचें काम, म्हणजे १९३५ च्या अपघातांत जें चुकलें त्याच जातीचें काम, बहुतेक खेळांत नसतेंच. दुसरीहि एक उणीव आहे. खऱ्या विमानांत तपासणी करतात ती कांहीं बिघडलेलें निघण्याचा संभव असतो म्हणून. मॅग्नेटो दगा देत असेल तर वैमानिक खालीं उतरतो, विमान परत जातें. खेळांत दर वेळीं विमान कोरें करकरीत मिळतें, त्यांत दोष निघावयाचा नाहीं हें ठाऊक असतें, आणि मग तपासणीचा नुसता मंत्र होतो. कांहीं खेळांत अकस्मात बिघाड होऊं देण्याची सोय असते, पण खटक्यांच्या क्रमावरून भांडणारांपैकीं किती जण ती लावतात हें त्यांनीं स्वतःशींच पाहावें.

आपल्याकडे पूजा षोडशोपचारें होते तशी पंचोपचारेंहि होते, आणि गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य एवढ्यावर आटोपणारास कोणी नास्तिक म्हणत नाहीं. आमचें मत असें कीं, नवें विमान शिकणारानें पहिले कांहीं दिवस थंड विमानच घ्यावें, छापील यादी पुढें ठेवावी, आणि हा खटका याच्या आधीं कां, असें दर ठिकाणीं विचारावें. वीज नाहीं तर पंप नाहीं, पंप नाहीं तर दाब नाहीं, दाब नाहीं तर पंखाचे पडदे हलत नाहींत. ही सांखळी एकदां मनांत बसली म्हणजे लढाईंत गोळी लागून एखादा दिवा पेटला असतां तो काय सांगतो हें कळतें. त्यानंतर तयार विमान घेऊन सरळ धांवपट्टीवरून निघण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. आम्हांस नापसंत आहे तो तिसराच प्रकार. 'डीसीएस' सारख्या खेळांत दोन कळा एकदम दाबल्या कीं सारे खटके आपोआप एकामागून एक हलूं लागतात, आणि पुष्कळ मंडळी तेवढ्यांत चहा करून आणतात. वेळ तर तितकाच जातो, आणि परत येऊन बसल्यावर कोणता खटका कशासाठीं हलला हें विचाराल तर सांगतां येत नाहीं.

केवळ करमणूक म्हणून हा विषय उडवून लावूं नये, याला एक जुना आधार आहे. १९२९ सालीं एडविन लिंक यांनीं आपला उड्डाण-शिक्षक सांचा बनविला तो वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यांतले भाते व हवेचे पंप वापरून, आणि तोहि प्रथम जत्रेंतल्या करमणुकीकडेच गेला. १९३४ सालीं टपाल नेतांना वादळांत व धुक्यांत अमेरिकन लष्कराचे अनेक वैमानिक मेले, तेव्हां कोठें लष्करानें त्याची किंमत ओळखून असे सांचे विकत घेतले.

आपल्या प्रांतापुरतें बोलावयाचें तर मिग-२१ हें विमान नाशिकजवळ ओझर येथें हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यांत वर्षानुवर्षें बांधलें गेलें. १९६३ पासून तें भारतीय हवाई दलांत होतें, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें त्यास निरोप देण्यांत आला. आतां तें चौथऱ्यावर वा संग्रहालयांत दिसेल तें गप्प उभें असलेलें दिसेल. त्याच्या 'बिस' या प्रकाराचें संगणकी अनुकरण २०१४ सालीं निघालेलें आहे, आणि त्यांत बॅटरी, इंधनाचे पंप, मग विजेनें फिरणारा स्टार्टर, असा सगळा क्रम हातानें करावा लागतो. ओझरला ज्यांनीं त्या खटक्यांमागच्या तारा जोडल्या त्यांपैकीं अनेक जण आज निवृत्त होऊन नाशकांत व इतरत्र आहेत. घरांतला नातू जर हें विमान सुरू करीत बसला असेल, तर आजोबांनीं चष्मा लावून शेजारीं बसावें आणि त्याचा क्रम बरोबर आहे कीं नाहीं तें पाहावें. जेवण थोडें मागें पडलें तरी त्या दिवशीं चालेल.